एकशे बाराचा भागाकार

धुळ्यातल्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर अंकबाबा, आणि खाली जो तो मोबाइलवर भागाकार करत होता.

"रिपोर्टमधला बरं असतानाचा तीन आकडी आकडा सलग दोनदा लिहा," बाबा सांगत होते. "सात ऋषींनी भागा, अकरा रुद्रांनी भागा, मग तेराने. तेरा म्हणजे देवा, सब तेरा!"

ज्याचा त्याचा आकडा परत येत होता. बाया पदराने डोळे पुसत होत्या.

शेवटच्या रांगेत दीपमाला उभी होती. जळगावला पिंप्राळ्यात राहणारी, शाळेत गणित शिकवणारी. पंधरवड्यापूर्वी याच गर्दीत तिची धाकटी बहीण सारिका बसली होती. सारिकाच्या अकरा वर्षांच्या पुनमला मधुमेह होता. रोज इन्सुलिनची सुई, रोज पोरीचं रडणं. सारिकाने पुनमच्या चांगल्या आलेल्या जुन्या रिपोर्टमधला साखरेचा आकडा दोनदा लिहिला: ११२११२. सातने भागून १६०१६, अकराने १४५६, तेराने पुन्हा ११२. साखर जागेवर आली, आता सुई बंद, असं बाबांनी सांगितलं.

तरी खात्री करायला सारिकाने ताईला फोन केला, तिन्ही भागाकार वाचून दाखवले. दीपमाला पेपर तपासत होती. बरोबर आहेत म्हणाली आणि फोन ठेवला. कशासाठी करतेस, हे विचारायचं राहून गेलं. सारिकाने सुई बंद केली आणि पुनम चौथ्या दिवशी गेली.

दीपमालाने मंचापाशी जाऊन माइक घेतला. तिने लोकांना आपापल्या गाडीचे शेवटचे तीन आकडे दोनदा लिहायला लावले. तेही तसेच परत आले.

"सात, अकरा, तेराचा गुणाकार एक हजार एक," ती म्हणाली. "तीन आकडी संख्या दोनदा लिहिली की ती एक हजार एकनेच गुणली जाते. ११२चे एक लाख बारा हजार, वर ११२. मग त्याच तिघांनी भागलं की मूळ संख्या उरणारच."

ताईंची श्रद्धा नाही, म्हणत बाबांनी माइक बंद करायला लावला. ती माइकशिवाय बोलली.

"भागाकार खरा आहे. मीच बहिणीला तसं सांगितलं, आणि माझी भाची गेली. आकड्याला तुमचं रक्त कळत नाही. उत्तर बरोबर आलं तरी विचारा, त्याचा दुखण्याशी संबंध काय? डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका."

एक म्हातारे शेतकरी, झुलालआबा, पुढे आले. "ताई, मनी बायकोनी बी सुई बंद शे. आते?"

"बायकोची सुई बंद? आत्ताच दवाखान्यात, आबा. चला, मी येते."

आबांची बायको वाचली. सारिका मात्र अजून ताईशी बोलत नाही.