विळीवर धरलेली पुस्तकं

अडाणी म्हणला मला, ठकी. माळावरच्या सगळ्या झोपड्यांतली माणसं बाहेर येऊन बघत होती, आणि त्यांच्यासमोर माझा पाठचा भाऊ, ज्याचं नाक मी माझ्या पदरानं पुसलं, तो मला म्हणला, अडाणी बाई! तू विचारतेस ना, सोनुबाई भावाचं घर सोडून बोचकं घेऊन पोशीरला कशी आली? मग ऐक आता. आणि मधेमधे 'जाऊ दे गं' म्हणायचं नाय. जाऊ द्यायचं असतं तर कर्जतहून एवढ्या उन्हात चालत आले नसते.

आबाजी तुला ठाऊकच हाय. कचेरीत कारकून झाला आणि त्याचं चालणंच बदललं. माझे मालक गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला गेले. त्याची बायको इंदू बारा महिने माहेरी, खालापूरला. घर मीच ओढलं. त्याचं मला काय वाटत नाय, भावाचं घर ते आपलंच घर. पण त्या पुस्तकांनी माझा जीव खाल्ला बघ.

माथेरानचे साहेब लोक बंगले मोडून विलायतेला निघाले की त्यांच्या सामानाचा लिलाव होतो. शहाणी माणसं तिथून खुर्च्या घेतात, आरसे घेतात. आमचा शहाणा नेरळहून डोंगर चढून जायचा आणि पुस्तकं घेऊन उतरायचा. नवी नाय, जुनी, साहेबाच्या आज्याच्या वेळची. आधी पुठ्ठा बघायचा. कातड्याचा हाय का, त्यावर सोन्याची वेलबुट्टी हाय का. मग आत नकाशा हाय का ते बघायचा. घडी घातलेला मोठा नकाशा सापडला की याचे डोळे असे चमकायचे, जसं काय घरात पोरगा झाला. बाकीची पानं? ती त्यानं कधी उलटली असतील तर माझं नाव बदल.

खोटं नाय सांगत. त्या पुस्तकांची धूळ मी झटकायची, कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे मी घालायची, पावसाळा सरला की उन्हात मी मांडायची. कुठल्या पुस्तकात नकाशा कुठं हाय ते मला अंधारात हाताला कळायचं. एकात समुद्रात हा एवढा मासा होता, तोंड उघडून जहाजाकडे बघणारा. एकात कोपऱ्यात गोबऱ्या गालांची पोरं गाल फुगवून वारा फुंकत होती. रविवारी कचेरीतली माणसं यायची. आबाजी पुठ्ठा दाखवायचा, नकाशा चटईवर पसरायचा, सगळे 'वा वा' करायचे, पान-सुपारी खायचे आणि जायचे. मग तो घडीवर घडी घालून नकाशा मिटवायचा आणि पुस्तक कपाटात. झालं! एवढंच त्या पुस्तकाचं काम.

तर शिमग्याच्या आधी आळीत उंदीर पडायला लागले. शेजारचा माणूस दोन दिसांत गेला. आणि एका सकाळी आबाजीला ताप भरला, काखेत गाठ आली. प्लेगचे लोक आले, त्याला डोलीत घातलं आणि छावणीत नेला. छावणीत गेलेलं माणूस परत आलेलं तोवर मी तरी पाह्यलं नव्हतं. मी डोलीमागे धावत होते, ऊर बडवत होते. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता इंदूचं नाव घेईल, देवाचं घेईल. तर म्हणतो कसा, "अक्का, माझी पुस्तकं. अक्का, माझी पुस्तकं सांभाळ."

मरायला टेकलेल्या भावानं एक गोष्ट मागितली. मी कशी नाय म्हणू, सांग?

दुसऱ्या दिवशी घर मोकळं करायला शिपाई आला. प्लेगचं घर, कापड, कागद, अंथरूण-पांघरूण सगळं अंगणात जाळायचं, असा हुकूम. शिपाई भला माणूस होता, आपल्याच बाजूचा. म्हणला, "बाई, साहेब यायच्या आत एक पाटी भरून घ्या. डोक्यावर मावंल तेवढंच. मी बघितलं नाय." एक पाटी! आणि समोर कपाट भरून पुस्तकं, एकेक उचलायला दोन हात लागतील अशी.

डोकं सुन्न झालं गं माझं. चार-पाच अख्खी पुस्तकं मावली असती. पण कुठली? जी मागं सोडली असती नेमकं त्याचंच नाव घेऊन तो छावणीत तडफडला असता. मग म्हणलं, सोनुबाई, रडतेस काय, याचा जीव कशात हाय ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक हाय? स्वैपाकघरातनं विळी आणली. पाट टाकून बसले, पायाखाली विळी दाबली आणि एकेक पुस्तक धारेवर धरलं. पुठ्ठा आतनं सोडवायचा, पाठीसकट अख्खा, सोन्याला ओरखडा येऊ द्यायचा नाय. नकाशा बुडातनं कापायचा, घडीला धक्का न लावता. बोटं कापली माझी, हे बघ, अजून वण हायेत. सगळे पुठ्ठे आणि सगळे नकाशे त्या एका पाटीत बसले. एकसुद्धा मागं नाय राह्यला!

पाटीत माझं काय गेलं ते पण विचार. काय नाय गेलं. माझी लुगडी नाय, मालकांचं मुंडासं होतं पेटीत जपलेलं, ते नाय. पुठ्ठ्यांवर ठेवून बघितलं, पाटी डोक्यावर ठरेना. काढलं आणि खाली ठेवलं. माझ्या डोळ्यांदेखत ते अंगणात पेटलं, ठकी. मी बघितलंय.

आता उरली ती पानं. ढीगच्या ढीग. शिपाई म्हणला, टाका जाळात. मी म्हणलं, "हात झडतील तुमचे. अक्षर हाय ते. साहेबाचं असलं म्हणून काय झालं? आपली पोथी जुनी झाली तर आपण जाळतो काय? नदीला देतो." त्यानं पायातल्या वहाणा काढल्या. खरं सांगते, त्यानंच अर्धे गठ्ठे खांद्यावर घेतले. उल्हास नदीच्या डोहावर गेलो, मी हळद-कुंकू वाहिलं, दोघांनी हात जोडले आणि एकेक गठ्ठा सोडला. पानं सुटली, डोहभर पसरली, मग हळूहळू खाली गेली. मला वाटलं, चला, रीतीनं झालं सगळं.

मग माळावरची झोपडी; प्लेगची घरं मोकळी केली की सगळ्यांना तिथंच राहायला धाडायचे. पाटी मी उशाला घेऊन झोपायची. दंव पडायचं तर घोंगडी पाटीवर, माझ्या अंगावर नाय. आणि देवाची करणी बघ, आबाजी वाचला! वाळून काटकी झालेला, काठी टेकत आला. मी धावले, मिठी मारली. त्यानं विचारलं, "पुस्तकं?" मी म्हणलं, "हायेत बाबा, सगळी हायेत." किती आनंदानं ती पाटी त्याच्यासमोर ठेवली मी! वरचं फडकं काढलं.

त्यानं लाल पुठ्ठा उचलला, सोन्याचं जहाज असलेला. उघडला. आत काय नाय. दुसरा उघडला, तिसरा उघडला. मग जो ओरडला, अख्खा माळ गोळा झाला. "हे काय केलंस? कातडी सोलून आणलीस? अडाणी बाई! विळीनं ग्रंथ कापले हिनं, विळीनं! म्हशीपुढं ठेवले असते तरी बरं झालं असतं!"

मला म्हैस म्हणला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तरी मी नीट विचारलं. म्हणलं, "आबा, मी अडाणी. मला वाचता येत नाय. तुला येतं. हे जहाजवालं तुझ्याकडे किती वर्षं हाय. आत काय होतं ते सांग. एक ओळ सांग. मी सगळ्या गावासमोर तुझ्या पाया पडते."

तो बोलेना. माणसं बघतायत. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणतो, "तो प्रश्न नाही." मग काय हाय रे प्रश्न? तू तेवढंच बघायचास, तेवढंच मी वाचवलं!

तरी प्लेग ओसरल्यावर मी घरी परत गेले बघ त्याच्याबरोबर. चूल मांडली. घराला चुना लागला होता, कौलं नवी घातली होती. माझ्याशी बोलायचा नाय. मग एक दिवस हिरू सुताराला बोलावलं आणि आंब्याच्या लाकडाचे ठोकळे करून घेतले, पुस्तकाएवढे. कडेला करवतीनं बारीक बारीक रेघा मारून घेतल्या, पानं वाटावीत म्हणून. एकेक ठोकळा एकेका पुठ्ठ्यात बसवला आणि मांडले सगळे कपाटात, होते तसेच. नकाशे वर घडी घालून ठेवले. आणि मला म्हणला, "अक्का, कुणाजवळ बोलू नकोस." बघ! आता अडाणी बाईची गरज लागली.

नाय बोलले मी. भावाची अब्रू, झाकली मूठ. रविवारी कचेरीतली माणसं यायला लागली पुन्हा; त्यांच्या झोपड्या दुसऱ्या माळावर होत्या, आमच्या माळावरचा तमाशा त्यांना ठाऊक नव्हता. पुठ्ठे बघायची, नकाशा बघायची, 'वा वा' करायची, पान खायची. एकाला कळलं नाय, ठकी! एकाला! मी दाराआडून बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मग मी बुडवलं काय? मला म्हैस कशासाठी म्हणला?

परवा त्याचा वरचा साहेब आला, अव्वल कारकून. पोट सुटलेला, चांगल्या घरचा. पानाचं तबक घेऊन मी बाहेर गेले. अव्वल कारकून म्हणत होता, "आबाजीराव, आमच्या घरातली चिंधीसुद्धा वाचली नाही प्लेगात. तुम्ही एवढे ग्रंथ वाचवलेत कसे?"

आणि माझा भाऊ म्हणतो, "साहेब, जीव गेला तरी चालेल पण ग्रंथ जाता कामा नयेत, असं ठरवलं होतं. अंगात ताप घेऊन मी स्वतः एकेक बाहेर काढला."

अंगात ताप घेऊन! डोलीत पडून पाणी पाणी करत होता मेला! बोटं माझी कापली, मुंडासं माझं जळलं, आणि एकेक यानं बाहेर काढला?

तबक ठेवलं खाली. कपाटाशी गेले, जहाजवालं उचललं आणि अव्वल कारकुनाच्या हातात दिलं. "घ्या साहेब. बघता काय नुसतं, वाचा." आबाजीचं तोंड चुन्यासारखं झालं. पण ऐक तर. त्या माणसानं जहाजावरनं हात फिरवला. "वा, काय नक्षी आहे," म्हणला. वजन करून बघितलं. "जड आहे हो," म्हणला. आणि परत दिलं. उघडलं नाय! हातात होतं, तरी उघडलं नाय!

आणि आबाजी हसला. माझ्याकडे बघून हसला गं तो.

मग मला काय आठवत नाय. दोन्ही हातांनी कपाट उपसलं मी. धाडधाड खाली आले सगळे. लाकूडच ते, जमिनीवर ठाणठाण वाजलं. एक ठोकळा पुठ्ठ्यातनं सुटला आणि घरंगळत अव्वल कारकुनाच्या पायाला लागला. आणि काय करावं त्या माणसानं? चटकन वाकला, ठोकळ्याला हात लावला आणि कपाळाला लावला. पुस्तकाला पाय लागला की करतो तसं! दुसऱ्यांदा हात नेला तेव्हा कळलं त्याला, हाताखाली काय हाय ते. सुतारकामाच्या रेघांवरनं बोट फिरवत बसला, वर बघेना.

मी आत गेले, बोचकं बांधलं. होतं काय बांधायला, प्लेगानंतरची दोन लुगडी. आणि निघाले. आबाजी दारात उभा होता, "अक्का, तू माझं तोंड काळं केलंस," म्हणला. मी थांबले नाय.

काल तुझ्या नवऱ्याला कर्जतच्या बाजारात भेटला म्हणे तो. निरोप दिलाय. तुला लाज वाटली असंल सांगायला, पण मी आतनं ऐकलंय. म्हणतो, घरात चूल पेटत नाय, इंदू अजून खालापुरातनं आली नाय, तर अक्काला म्हणावं परत ये. झालं गेलं विसरू. मी तिला माफ केलंय.

माफ केलंय! ऐकलंस? त्यानं मला माफ केलंय!

पुढच्या बाजाराला तुझा नवरा जाईल ना, तेव्हा त्याच्याकडून सांग आबाजीला. त्यानं केलं असंल माफ. मी नाय केलं.