उत्तरेचा उजेड

"वावरात कापूस वेचून राह्यले लोक, अन् तुम्ही आम्हाले बगिचा दाखवून राह्यले!" कोठीच्या फाटकातून आत शिरता शिरता शीला म्हणाली. "हंगामात सख्ख्या बहिणीच्या लग्नाले गेले नव्हते तुम्ही. आज सुटी कशी भेटली?"

"भेटली," म्हणत तिचा नवरा नरहर पुढे झाला.

बावीस हंगाम तो मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, चिमूटभर कापूस ओढायचा, बोटांनी ताणून धाग्याची लांबी सांगायची. यंदा केंद्र उघडलंच नाही. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करून नऊ दिवस झाले, तरी तो रोज डबा घेऊन निघत होता. आज मोकळ्या हवेत घरच्यांना सांगून टाकू, म्हणून त्याने हा बेत काढला. आणि ऐन हंगामात ग्रेडरला सुटी नसते, हेच नेमकं विसरला.

बाग जुन्या इंग्रज कापूसवाल्याच्या बंगल्याची. कारंजं कोरडं, पण गुलाब भरात. नरहर बाकावर बसला, उठला, कारंज्याला फेरी मारून परत आला.

"बसा न जरा. पायाले भिंगरी बांधली का?" शीला म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात कॉलेजात जाणाऱ्या लेकीने, प्राचीने, माडीवरून हाक मारली, "बाबा, या न लवकर!"

माडीवरच्या लांबट खोलीत राखणदार हरिसिंग तिघांना माहिती देत होता. "अन् हे साहेबाची चित्रं काढायची खोली."

"चित्रं कायची हो?" नरहरला राहवलं नाही. "हे कापसाच्या नमुन्याची खोली. खिडक्या पाहा, साऱ्या उत्तरेले. उन्हात पिवळा कापूसही पांढरा दिसते. उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही."

"घ्या! दहा वर्सापासून मी चित्रंच सांगून राह्यलो न भाऊ!"

प्राची खळखळून हसली. "बाबा, मले एकदा केंद्रावर न्या न. कसं पाहता ते पाहू द्या."

नरहर खिडकीकडे वळला. "केंद्र नाही राह्यलं, बाई. यंदा उघडलं नाही. म्या सही करून देली."

"मंग रोज डबा घेऊन कुठं जाता?" प्राचीने विचारलं.

"बसस्टँडवर."

शीला जिना उतरून गेली. तिच्या पावलांचा आवाज विरला तरी नरहर तिथेच, खिडकीची चौकट धरून. खाली विहिरीपाशी देवकापसाचं झाड होतं, बोंडं फुटून पांढरं झालेलं. शीला टाचा उंचावून फांदी वाकवत होती.

"ओ बाई, तोडू नका! पाटी लावली हाय!" हरिसिंग खिडकीतून ओरडला.

"देवाच्या वातीले घेतलं, भाऊ. देव काही तुमच्या पाटीले भेत नाही."

ती वर आली, ती धापा टाकत. डोळे लाल होते. बोंड तिने नरहरच्या हातावर ठेवलं.

"दाखवा पोरीले."

त्याने सरकी काढली. चिमटीत तंतू धरला, ओढला, जुळवला, पुन्हा ओढला. नऊ दिवस नुसती चाळवणारी बोटं थाऱ्यावर आली. मोजायला खाली काळं कापड हवं होतं. तो इकडेतिकडे पाहू लागला, तशी शीलाने आपल्या गर्द जांभळ्या लुगड्याचा पदर हातावर पसरून पुढे केला.

"हलू नको," तो म्हणाला.

तिने श्वाससुद्धा रोखून धरला.