धोंडूच्या घरातल्या चुका

नायगावच्या केवळाबाईला कार्टूनचा नाद लागला तो सुनेमुळं. मुलगा आनंदराज मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि घरात सासू-सून दोघीच उरल्या. शेजारी-शेजारी बसून जेवायच्या, पण बोलायचं काय हे एकीलाही सुचायचं नाही. घर खायला उठायचं म्हणून पुनम संध्याकाळी टीव्ही नुसता लावून ठेवायची. त्यावर 'धोंडूचं घर' नावाचं विनोदी कार्टून लागायचं. जाडजूड धोंडू, त्याची तोंडाळ बायको आणि एक चोरटी मांजर.

एकदा भाकरी थापता थापता केवळाबाई म्हणाली, "अगं, त्या मांजरीची शेपटी आत्ता काळी होती की! पांढरी कशी झाली?"

पुनमनं मान वर केली आणि खुदकन हसली. आनंदराज गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग तो खेळच झाला. धोंडू घरातून निघताना पायात चपला, चौकात पोचला की बूट. कपबशी फुटून तुकडे झालेले, जरा वेळानं तीच फळीवर साबूत. आधी "चुकलं!" ओरडेल ती जिंकली, हरली तिनं भांडी घासायची. पुनम मुद्दाम हरते हे केवळाबाईला कळायचं, पण ती बोलून दाखवायची नाही.

अशी हसरी पोर जन्मभर आपल्यापाशी अडकवून ठेवणं तिच्या मनाला पटेना. भावकीशी भांडून तिनंच लातूरचं स्थळ काढलं. वैजनाथ बॅटरीच्या दुकानात कामाला होता, स्वभावानं गरीब. लग्नात ओटी केवळाबाईनंच भरली. सुरुवातीला पुनमचे फोन यायचे. "बरी हाय मी, ठेव आता," म्हणून केवळाबाई आटोपतं घ्यायची. पोरीचा जीव तिथं रमला पाहिजे. मागच्या घराची ओढ कशाला लावायची? हळूहळू फोन थांबले. तिला हवं तेच झालं होतं, तरी संध्याकाळ झाली की घर पुन्हा खायला उठायचं.

त्या दिवशी ती एकटीच कार्टून बघत होती. धोंडूची म्हातारी आत्या मागेच लेकीकडं कायमची राहायला गेली होती, सगळ्या गल्लीनं रडून निरोप दिला होता. आणि आज तीच आत्या अंगणात तांदूळ निवडत बसलेली!

"चुकलं!" केवळाबाई ओरडली. "पुनम, आत्या तर गेली ना गं!"

स्वयंपाकघरातून कोणी आलं नाही. मग तिनं पुनमला फोन लावला.

वैजनाथनं घेतला. "कोण?"

"मी... नायगावहून केवळाबाई. पुनम हाय का?"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग पुनमचा आवाज आला, "मामी? काय झालं? बरं हाय ना समदं?"

सासूला ती मामीच म्हणायची. अजूनही तसंच म्हणाली. केवळाबाई म्हणाली, "काही न्हाई गं. ती आत्या... अंगणात बसली होती."

पुनम हलक्या आवाजात म्हणाली, "बघितलं मी. तांदूळ निवडत बसली होती. इथं सांगावं कोणाला?"

दोघी हसल्या. हसता हसता केवळाबाईनं पदर तोंडाला लावला.

"तुम्ही फोन का तोडत होता, मामी?"

"तुझा जीव तिथं रमावा म्हणून."

"रमला," पुनम म्हणाली. "माणसं चांगली हायत."

केवळाबाईला बरं वाटलं, आणि आत कुठंतरी लई दुखलंही. "लई चांगलं झालं," ती म्हणाली आणि ते खरंच होतं.

मागून कुणीतरी पुनमला हाक मारली, फोन ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. केवळाबाईनं स्वतःची समजूत घातली, संसार आहे, कामं असतात. चौथ्या दिवशी कार्टून ऐन रंगात आलं असताना फोन वाजला.

"मामी, धोंडूचा चष्मा बघा!" एवढं बोलून पुनमनं घाईघाईनं ठेवूनही दिला.

केवळाबाई टीव्हीजवळ सरकली. चष्मा धोंडूच्या नाकावर नीट होता. चूक येऊन गेली असावी; तिला ती दिसलीच नाही. तरी ती मोठ्यानं म्हणाली, "हाव गं, चुकलंच की," आणि भांडी घासायला उठली.