भिंगाखालच्या पांढऱ्या पेशी

सांगलीच्या एका दवाखान्यात मागच्या बाजूला एक लहानशी खोली आहे. तिथल्या लाकडी कपाटात, खालच्या फळीवर, मी बसून असतो. अंग पितळेचं, बैठक लोखंडाची आणि डोळा एकच. मित्रांनो, लोक मला दुर्बीण म्हणत, पण दूरचं मला काही दिसत नाही. जे अगदी जवळ असतं आणि तरी कुणाला दिसत नाही, ते मी दाखवतो. मी सूक्ष्मदर्शक आहे, आणि आता बराच जुना झालो आहे.

माझा जन्म जर्मनीतला. एका वयस्कर कारागिराने माझी भिंगं घासून घासून अशी काही तयार केली, की शेवटी त्याला स्वतःलाच ती काच आहे की नुसती हवा, हे बोट लावून बघावं लागलं. जहाजाने मी मुंबईला आलो. एका वैद्यकीय महाविद्यालयात किती तरी मुलांनी माझ्यातून पाहिलं. मग दोन डोळ्यांचे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली.

तिथून मला एका विद्यार्थिनीने मागून घेतलं. तिचं नाव लीला जगदाळे. कोरेगावच्या सुभेदार आकाराम जगदाळ्यांची ती लेक. "पोरीला एवढं शिकवून काय करायचंय?" असं भावकीतलं कुणी विचारलं, की सुभेदार म्हणायचे, "पयल्या लढाईत तुर्काची गोळी लागल्याला माझा पाय एका डाक्टरनं वाचवला. आमच्या घरातनं एक डाक्टर जगाला परत द्यायचा हाय मला." लीला डॉक्टर झाली, आणि मला मांडीवर घेऊन रेल्वेने घरी आली. माझी पेटी तिने सामानात ठेवू दिली नाही.

सुभेदारांनी त्याच दिवशी हट्टाने स्वतःच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि एक डोळा मिटून माझ्यात पाहिलं.

"आयला, लिले! माझ्यात एवढं मोठं गाव नांदतंय व्हय?"

"ह्या तांबड्या पेशी, आबा. आणि अधूनमधून दिसतात त्या पांढऱ्या. त्या आपलं सैन्य. रोग आला की त्या लढतात."

"मग आमच्याच पलटणीतल्या म्हण की!"

पुढे लीलाबाई सांगलीच्या दवाखान्यात लागल्या. ते माझे सुखाचे दिवस. हिवतापाचे जंतू, क्षयाचे जंतू, सगळ्यांना मी उजेडात आणलं. सकाळी खिडकीतलं ऊन माझ्या आरशावर घेऊन त्या कामाला बसायच्या आणि कुणी आलं की म्हणायच्या, "माझा हा डोळा कधी खोटं बोलत नाही." मला ते फार आवडायचं.

पण सुभेदारांना मधुमेह झाला. गावाकडे त्याला गोड लघवीचा रोग म्हणतात. त्यावरचं इन्सुलिन तेव्हा परदेशातून यायचं. जगात दुसरी लढाई पेटलेली, बोटी बंद. त्यात बेचाळीसच्या साली आपल्याकडे रेल्वेगाड्या अडल्या, तारा तुटल्या. मुंबईहून बर्फात घालून निघालेल्या कुप्या सांगलीला पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होऊन जाई आणि आतलं औषध वाया जाई. सुभेदार मग गावातल्या इतरांसारखी सदाफुलीची पानं चावू लागले. साखर उतरते, असं सगळे म्हणत.

"आराम पडतोय मला," ते लेकीला म्हणाले.

"तुम्हाला पडतोय की तुमच्या मनाला, ते बघायला पाहिजे," लीलाबाई म्हणाल्या.

त्यांनी सदाफुलीच्या पानांचा अर्क काढला आणि दवाखान्यामागे पाळलेल्या सशांना तो टोचून पाहिला. साखर काही उतरली नाही. ससे मात्र मलूल झाले आणि तापाने एकामागून एक मरू लागले. लीलाबाईंना आधी वाटलं, सुई नीट उकळली नसेल. त्यांनी सुया बदलल्या, तरी तेच. तेव्हा त्यांनी सशाचं रक्त माझ्याखाली ठेवलं.

मित्रांनो, तांबड्या पेशी जागेवर होत्या. पांढऱ्या जवळजवळ नव्हत्याच. काचपट्टी इकडून तिकडे सरकवावी आणि सगळं शिवार ओसाड दिसावं, तसं. लीलाबाई किती तरी वेळ माझ्यावरून डोळा काढेनात. मग उठल्या आणि तशाच कोरेगावला गेल्या.

"आबा, आजपासून पानं बंद."

"आगं, आख्खं गाव खातंय."

"गावालाही सांगा. साखर उतरत नाही त्यानं, आणि तुमची पलटण मात्र मरेल."

सुभेदारांनी पानं सोडली. दुसरं औषध मिळेना. टाचेला वहाण लागून झालेली बारीक जखम त्यांना कळलीच नाही, कारण त्या रोगात पायाची जाणीव जाते. कळली तेव्हा पाऊल काळं पडलं होतं. पाय कापावा लागला. सांगलीच्या दवाखान्यातल्या खाटेवर ते लेकीचा हात धरून म्हणाले, "तुर्काच्या गोळीनं न्हाई नेला, त्यो पाय साखरंनं नेला बघ." पुढच्या पावसाळ्याआधीच ते गेले. लीलाबाई बरेच दिवस माझ्या खोलीत आल्या नाहीत. माझ्यावर धूळ बसली. मला वाटलं, आता संपलं.

मग जतकडचा एक मेंढपाळ दवाखान्यात आला. ज्योतिबा त्याचं नाव. काठीसारखा उंच, तरणा माणूस. पण मानेत आणि काखेत गाठी अशा वाढलेल्या, की मान वळवता येईना. बरोबर त्याची बायको रंगुबाई, दिवस गेलेली. लीलाबाईंनी त्याचं रक्त माझ्याखाली ठेवलं आणि मी हादरलो. सशांच्या रक्तात जे नव्हतं, ते इथे उतू जात होतं. पांढऱ्या पेशींची नुसती दाटी. वेड्यावाकड्या, अर्ध्याकच्च्या पेशी एकमेकींना रेटत होत्या. तो रक्ताचा कर्करोग होता. त्यावर तेव्हा कुठेच उपाय नव्हता.

लीलाबाईंनी डोळा उचलला आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "सशांत त्या पानांनी पांढऱ्या पेशी मारल्या. इथं मारतील का?"

पुढचे काही आठवडे त्या अर्क गाळत होत्या, पातळ करत होत्या, सशांना थोडा थोडा देत होत्या. ससे आजारी पडावेत पण मरू नयेत, एवढीच मात्रा त्या शोधत होत्या. ती सापडली असं वाटलं तेव्हा त्यांनी नवराबायकोला समोर बसवलं.

"ज्योतिबा, नीट ऐका. हे औषध आजवर कुठल्याही माणसाला दिलेलं नाही. यानं ससे मेलेत. तुम्हीही मराल कदाचित. नाही घेतलं तर हा रोग तुम्हाला नेणार, हे मात्र नक्की आहे. बरं करीन, असं मी म्हणत नाही."

रंगुबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "आक्का, पोर जल्माला येईस्तवर तरी..."

ज्योतिबा मधेच बोलला, "आवं डाक्टरीणबाई, मेंढराला औषिद पाजताना आमी त्येला कवा इचारतो? तुमी इचारताय, लय झालं. द्या."

लीलाबाईंनी सुई टोचली. मग ताज्या रक्ताची काचपट्टी माझ्याखाली सरकवली.

पहिल्यांदा ज्योतिबाला सणकून ताप आला. लीलाबाई घरी गेल्याच नाहीत. मग ताप उतरला, आणि दर वेळी नवी काचपट्टी माझ्याखाली आली की ती दाटी थोडी विरळ दिसू लागली. मानेच्या गाठी मऊ पडल्या, मग बोटाला लागेनाशा झाल्या. त्याचे केस मात्र गळाले. डोक्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "रंगे, यंदा माझीबी लोकर उतरली बघ!" रंगुबाई हसली. त्या खोलीत कुणी हसलेलं मी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

ज्योतिबा चालत घरी गेला. मेंढरं घेऊन माळावर गेला. त्याला मुलगी झाली. तिला घोंगडीत गुंडाळून तो लीलाबाईंना दाखवायला आला, तेव्हा त्यांनी तिचे तळवे स्वतःच्या गालाला लावून पाहिले.

इथे ही गोष्ट थांबली असती तर मी किती आनंदाने थांबलो असतो, मित्रांनो. पण सुगी सरली आणि ज्योतिबा परत आला. या वेळी बैलगाडीतून. गाठी पुन्हा आल्या होत्या. लीलाबाईंनी तेच औषध, त्याच मात्रेत दिलं. माझ्याखालची दाटी हटेना. औषध तेच, पण त्या पेशी आता त्याला भीत नव्हत्या. मात्रा वाढवावी म्हणून लीलाबाईंनी कुपी हातात घेतली, सशांच्या पिंजऱ्याकडे पाहिलं आणि कुपी खाली ठेवली. ज्योतिबा एका सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर उन्हात बसलेला असतानाच गेला.

रंगुबाईने लीलाबाईंचे हात धरले. "आक्का, तुमी त्यास्नी पोरीचं त्वांड दावलंत."

"मला आणखी दाखवायचं होतं गं," लीलाबाई म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडल्या.

पुण्याला डॉक्टरांची सभा होती. तिथे त्यांनी हे सगळं मांडलं. अपयशासकट. एक मोठे डॉक्टर म्हणाले, "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, बाई." त्या म्हणाल्या, "खरं आहे. म्हणूनच तर मदत मागायला आले." मदतीला कुणी आलं नाही. त्या एकट्याच परत आल्या आणि पुन्हा माझ्यापुढे बसल्या. औषधातला कामाचा अंश वेगळा काढायचा, एवढाच ध्यास.

याच दिवसांत त्या मला सारख्या पुसू लागल्या. "भिंगावर डाग पडलेत," म्हणायच्या. मऊ फडक्याने पुसायच्या, पुन्हा पाहायच्या, चित्र स्पष्ट करायची माझी फिरकी पुढे-मागे करायच्या. एकदा तर मला पुण्याला दुरुस्तीला पाठवलं. कारागिराने काही दोष नाही म्हणून तसंच परत धाडलं. मग त्यांनी दवाखान्यात नव्याने आलेल्या भाऊसो डॉक्टरांना हाक मारली.

"जरा बघा हो. भिंगाला बुरशी आलीय ना?"

भाऊसोंनी पाहिलं. "नाही बाई. लख्ख आहे. एक न् एक पेशी दिसतेय."

लीलाबाईंनी एक डोळा झाकून भिंतीकडे पाहिलं, मग दुसरा. त्यांनाही मधुमेह होता. बापाचा त्यांच्याकडे आलेला. त्यांना ते ठाऊक होतं, पण कामापुढे स्वतःकडे बघायला सवड झाली नव्हती. "मग डाग माझ्या डोळ्यात आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "साखरेनं आत रक्त उतरलंय."

मला वाचा असती तर मी हे आधीच सांगितलं असतं. त्यांचा डोळा माझ्या सर्वांत जवळ यायचा. पण तो माझ्या वरच्या बाजूला, आणि मी बघतो खाली.

दृष्टी गेली तसं संशोधन थांबलं. पिंजरे रिकामे झाले आणि मला कपाटात ठेवलं. लीलाबाई मात्र घरी बसल्या नाहीत. रोज सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर पाट मांडून त्या बसायच्या. मधुमेहाचा रोगी आला की गरम पाणी मागवायच्या, त्याचा पाय मांडीवर घ्यायच्या आणि बोटांनी चाचपून बघायच्या. टाच, तळवा, बोटांच्या बेचक्या. म्हातारी माणसं लाजून पाय मागे घ्यायची.

"आवं, आमच्या पायाला हात कशापायी लावताय, बाई?"

"तुम्हाला कळत नाही ना तिथं काय झालंय? मग कुणाला तरी कळायला हवं. हे बघा, इथं कातडं फुटलंय. काटा रुतलाय आत."

कपाटाच्या फटीतून त्यांचा आवाज मला रोज ऐकू यायचा. तेवढाच आधार होता. गेल्या हिवाळ्यात तो आवाज थांबला. ओसरीवर खूप माणसं जमल्याचं कळलं, आणि त्यात रंगुबाईचा हंबरडा मी ओळखला. लीलाबाईंना साठीसुद्धा दिसली नाही. पन्नाशीही दूर होती.

आता माझ्या भिंगांना खरोखरच बुरशी येते आहे. दमट हवेत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी ती पसरते. कधी कुणी हे कपाट उघडलंच, तर मला उन्हात ठेवा, कोरड्या सुती फडक्याने पुसा, आणि माझ्याखाली जे दिसेल ते आवडलं नाही तरी खरं खरं सांगा. पण माझ्यासाठी घाई करू नका, मित्रांनो. तुमच्या घरी मधुमेहाचं कुणी असेल तर आज आधी त्यांचा पाय मांडीवर घ्या. त्यांना नीट दिसतं ना, हे विचारा, आणि "दिसतंय की" म्हणाले तरी डॉक्टरांकडे न्या.

मी काय, पितळेचा आहे. मी थांबेन.