ओल्या पावलांची मापं

अपेक्षाने पावलं मोजणारं घड्याळ आईच्या मनगटावर बांधलं, तेव्हा लीलाबाईला हसूच आलं. डोंगराखालच्या कुरवंडे गावातल्या या बाईचा जन्म चढ-उतारात गेलेला. नवरा गेल्यावरही दर रविवारी नागफणीच्या वाटेवर चढून ती पर्यटकांना लिंबूसरबत विकायची. तिला हे घड्याळ चालायला शिकवणार!

"तुझं पाऊल केवढं पडतं ते याला सांगावं लागतं, आई," लेक म्हणाली. ती लोणावळ्यात एका हॉटेलात रिसेप्शनला होती. "नाहीतर हे मनानंच काहीतरी अंतर दाखवतं."

"मग सांग की. हातभर म्हन."

अपेक्षा ऐकते कुठली! तिने शेजारून शिलाईचा टेप मागून आणला, बादलीत पाणी घेतलं. पाय ओले करून अंगणातल्या फरशीवरून सरळ चालायचं आणि ठशांमधलं अंतर मोजायचं, एवढंच काम.

लीलाबाईला नेमकं तेच टाळायचं होतं. श्रावणात नागफणीवरून उतरताना ती शेवाळलेल्या दगडावरून घसरली होती. सगळा भार डाव्या गुडघ्यावर आला. हळदीचा लेप लावला, फडकं आवळून बांधलं आणि कुणाला बोलली नाही. कळलं की लेक-जावई आपल्याला उचलून लोणावळ्याच्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवणार, हे तिने गृहीतच धरलं होतं. त्यामुळे अपेक्षा आली की ती होता होईतो बसूनच असायची.

आज सुटका नव्हती. दातांवर दात दाबून ती चालली, आपल्या परीने अगदी नीट.

अपेक्षा टेप घेऊन वाकली. एक ठसा मोजला, दुसरा मोजला, मग मागे जाऊन पहिल्यापासून पुन्हा मोजलं. उन्हाने ठसे वाळायला लागले तरी ती उठेना.

"आई, डावा पाय टेकला की तू घाईने उजवा टाकतेस. उजवं पाऊल तोकडं पडतंय."

"फरशी निसरडी हाय, म्हून."

"कधीपासून दुखतंय?"

लीलाबाई पायरीवर बसली. थाप जिभेवर तयार होती. पण लेक उकिडवी बसून त्या ठशांकडे अशी बघत होती की तिला ती थाप मारवेना.

"श्रावणात पडलेते. सांगितलं असतं तर मला हितं ठिवली असती का तू?"

"म्हणजे माझ्या भीतीने तू इतके दिवस कळ काढलीस?" अपेक्षाचा आवाज चिरकला. "मी काय पोलीस आहे का गं?"

 लेकीची आपण एवढी धास्ती घेतली होती, हे लीलाबाईच्या आत्ता ध्यानात आलं. गुडघ्यापेक्षा ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला. हाड शाबूत होतं, आतली शीर दुखावली होती. त्यांनी व्यायाम सांगितला, पट्टा दिला आणि गुडघा बरा झाल्याचं ते सांगेपर्यंत चढ बंद केला.

"सरबत घेऊन वाटेच्या तोंडाशी बस," अपेक्षा म्हणाली. "गाड्या तिथंच लागतात."

"खाली कुनाला तहान लागती? दमला जीव सरबत पितो."

तरी रविवारी ती तिथे बसली. धंदा बेताचाच झाला. उरलेली लिंबं संध्याकाळी दोघींनी लोणच्यासाठी चिरायला घेतली. फ्लॅटचा विषय अपेक्षाने काढला नाही. बिया काढता काढता लीलाबाईनेच विचारलं,

"तुज्या तितं जिना लय हाय का गं?"

"लिफ्ट आहे."

"मग यीन चार दिस. पन आयतवारी मी हितंच."

अपेक्षाने मान हलवली आणि मिठाची बरणी पुढे सरकवली.