माहितीदाता 'ग'

आमच्या कॉलेजात दिवस पाळायचं वेड आहे. वाचन दिन, ओझोन दिन, हात धुवायचासुद्धा दिन. दिवस झाला की फोटो, फोटोवर जागा-वेळ छापून आली पाहिजे आणि तो फोटो नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्यांच्या, फाइलीत गेला पाहिजे. दिवस कशाचा होता हे फाइल विचारत नाही, मग माणसं कशाला विचारतील?

नूतन रामटेके इथली ग्रंथपाल. बाई कामाची खरी. रंजीता मडावी एम.ए.चा लघुप्रबंध लिहीत होती. विषय असा: तिच्या गावच्या डोंगरावर खाण येणार, तिला गावानं ग्रामसभेत मंजुरी दिली म्हणतात, ती ग्रामसभा झाली तरी कशी? मार्गदर्शक सरांनी विषय ऐकताच हात झटकले. नूतननं नाही झटकले. शोधगंगेच्या संकेतस्थळावरचे जुने प्रबंध काढून दिले, राजपत्रं हुडकून दिली, आणि सगळ्यात आधी बजावलं, "बोलणाऱ्याचं नाव लिहू नको. माहितीदाता क, ख, ग, असं लिही. कागद कुठी कुठी जाते, तुले माहीत नाई."

'ग' म्हणजे रंजीताचा आजा, सुकलू. त्या सभेत हात वर झालेच नव्हते असं सांगायला तयार असलेला तो एकटा उरला होता. गाव कोर्टात जाणार होतं ते त्याच्याच जिवावर. तोवर नाव झाकून ठेवायचं होतं.

मग ऑगस्टातला आदिवासी दिन आला. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, नॅकवाले इचारतील, आदिवासी दिनाले आदिवासी कुठी होता?" स्टाफरूम हसली. नूतनही हसली. कुठल्याशा वेबिनारमध्ये तिनं 'माणूस हेच पुस्तक' असा उपक्रम ऐकला होता. माणसाला ग्रंथालयात बसवायचं, मुलांनी त्याला 'वाचायचं'.

"रंजीता, आजाले आणशील? बियाण्याचं सांगू दे, गाण्याचं सांगू दे. खाणीचं नाई."

"स्टेजवर बसवान, मॅडम?"

"बसवू ना. शालही देऊ."

पोरगी हरखली.

पाहुण्याचं नाव नसलेला फ्लेक्स आमच्या जिल्ह्यात अजून कोणी लावलेला नाही. नूतननंच मजकूर दिला. सुकलू मडावी, गाव, टोला, वर हा एवढा फोटो. खाली 'संयोजक: नूतन रामटेके'. प्रबंधात ज्या बाईनं ते नाव झाकायला लावलं, तिनंच ते दारावर टांगलं. आणि टांगताना तिला काही म्हणजे काही वाटलं नाही. कार्यक्रम आहे म्हटल्यावर नाव लागतंच!

सुकलू बियाण्यावर छान बोलला. मग कोण्या पोरानं विचारलं, "आजा, जंगल कोणाचं?" म्हाताऱ्यानं मांडीवर हात ठेवला. "सभेत माहा हात इथीच होता, बाबू. वर गेलाच नाई. मंग कागदावर कोनाचा गेला?"

टाळ्या पडल्या. प्राचार्यांनीही वाजवल्या. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ प्रत्येक ग्रुपवर होता.

दुसऱ्या दिवशी दोघं जण वाचनकक्षात येऊन बसले. कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड.

"कार्यक्रम एक नंबर झाला, मॅडम. थो बुढा भारी बोलते."

"आपण कोण?"

"वाचक," एक म्हणाला. दुसरा हसला. "नात इथीच शिकते म्हणे त्याची? आन फ्लेक्सवरच्या संयोजक त तुमीच ना?"

त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि गेले. एकही पुस्तक उघडलं नाही.

नूतन प्राचार्यांकडे धावली. "सर, पोलिसांत सांगू?"

"काय सांगान? ग्रंथालयात वाचक आले म्हणून?" त्यांनी मान खाली घातली आणि फाइल ओढली.

सुकलूच्या टोल्यावर, त्या जंगलातल्या वस्तीत, फोनला रेंज नाही. नूतननं रंजीताला वर्गातून बाहेर काढलं, स्कूटीवर मागं बसवलं. जंगलाच्या रस्त्यानं दोघी टोल्यावर पोचल्या.

घराला कडी होती. शेजारची गिरजाबाई भाताच्या रोवणीवरून आलेली, पाय चिखलानं भरलेले. नूतनला पाहून ती चक्क खूश झाली.

"या मॅडम! आजा आताच गेला ना."

"कोणासंग?"

"तुमच्याच मान्साईसंग, जीपमंदी. मोबाइलात फोटो दाखोला त्याईनं, स्टेजवर तुमी आजाच्या बाजूले उभ्या. मॅडमनं आनखीन एका दिनाले बलावलं म्हने. बुढा पयले जातच नोयता. मंग मीच म्हनलं, मॅडमचा निरोप हाय, काऊन भेतेस, जाय. धुतलेलं धोतर नेसून गेला."

"कोणत्या दिनाले?" नूतनच्या तोंडून निघून गेलं.

गिरजाबाईनं तिच्याकडं नवलानं पाहिलं. "थे तुमालेच ठाऊक."

रंजीता स्कूटीवरून उतरलीच नव्हती. ती खाली पाहत होती. जीपच्या चाकांचे ताजे माग कॉलेजच्या रस्त्याला लागले नव्हते. नाला ओलांडून ते डोंगराकडं चढले होते.

"चाला," ती म्हणाली. मॅडम म्हणाली नाही.

नूतननं गाडी नाल्यात घातली.