बत्तीस चांदण्यांची भिंत

सकाळपासून सगुणाला बसवत नव्हतं. मशिदीच्या पडवीत या टोकाहून त्या टोकाला जाई, भिंतीकडे बघे, परत येई. काम कालच संपलं होतं. पण आपण कुठेतरी माती खाल्ली, हे तिला कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं.

पेणला दामोदरशेठच्या गणपती कारखान्यात तिने बारा वर्षं मूर्तींचे डोळे आखले. नाव मात्र शेठचं. म्हणून रोह्याच्या दाऊदचाचांनी तिथल्या मशिदीची भिंत रंगवायला तिलाच बोलावलं, तेव्हा ती हरखली. कुवेतला नोकरी करून तिथल्या लढाईनंतर कायमचे घरी आलेले चाचा. जमवलेली चित्रं त्यांनी तिच्यापुढे पसरली. इराणच्या निळ्या फरशा, मोरोक्कोतले तुकडे जुळवून केलेले तारे, विजापूरची दगडी जाळी.

"किती मुलुख, किती हात!" चाचा म्हणाले. "पन मशिदीत मानूस नाय, जनावर नाय. रेघच चालते नुसती."

त्यातून सगुणाने बत्तीस निळ्या चांदण्या जुळवल्या. उद्या जुम्म्याची नमाज, सगळा मोहल्ला बघणार. पसंत पडलं तर तिच्या नावाचं पहिलं काम. नाहीतर पुन्हा कारखाना आणि शेठचे टोमणे.

चाचा आले. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले.

"गो सगुणा, ही भिंत माज्याकडं बघते."

ती भिंतीच्या अगदी जवळ गेली. प्रत्येक चांदणीच्या मधल्या काळ्या गोलात एक पांढरं टिंब होतं. मूर्तीच्या बुबुळात नजर यावी म्हणून सगळ्यात शेवटी ठेवतात, तेच. मेल्या हाताने सवयीने ठेवून दिलं होतं!

"हितं डोळे नाय चालायचे," चाचा हळूच म्हणाले. "टिंबं पोस्टर रंगाची ना? खाली ऑइल पेंट हाय, वल्या फडक्यानं निगतील."

"आखलेला डोळा आमी पुसत नाय, चाचा. उभ्या जन्मात नाय पुसला. तुमी पुसा."

"मी पुसला तर काम माजं व्हईल. तुजं काय ऱ्हाईल?"

तिने फडका भिजवला. दहाव्या टिंबाला रडू फुटलं. बत्तिसावं पुसून ती मागे सरली. आता नजर कुठेच अडत नव्हती. चांदणीवरून चांदणीवर थेट कोपऱ्यापर्यंत जात होती. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच भीती वाटली.

"झ्याक झालं," चाचांनी हात पुढे केला. "दे, मोरीत पिळतो."

सगुणाने फडका छातीशी धरला. "मोरीत नको."

चाचांनी पुढे केलेला हात मागे घेतला. गणपती दरवर्षी त्यांच्याच दारावरून विसर्जनाला कुंडलिका नदीवर जात. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि फडका दोन्ही हातांत घेतला.

"चल कुंडलिकेवर. पान्यात मी उतरतो. तुला हितला उतार ठावा नाय."